नऊ जुनी औषधं आणि एक चिवट गाठ

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मेंदूच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संशोधकांची एकदा वेगळीच पंचाईत झाली. उंदरांना कॅन्सरच्या पेशी टोचायच्या, गाठ धरली की तिच्यावर औषधं तपासायची, हे त्यांचं नेहमीचं काम. पण एका खेपेला उंदरांमध्ये गाठ धरेचना. शोध घेतल्यावर कळलं की त्या उंदरांना जंत झाले होते आणि त्यासाठी फेनबेंडाझोल हे जनावरांचं जंतांचं औषध दिलं गेलं होतं. त्याच औषधाचं माणसांसाठीचं भावंड म्हणजे मेबेंडाझोल. लहान मुलांना जंत झाले की देतात तीच गोळी. या गोळीने उंदरांच्या मेंदूतली गाठ मंदावते आणि ते जास्त जगतात, असं या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं.

अशी गोष्ट ऐकली की कुणालाही वाटतं, मग अडलंय कुठे? औषध जुनं आहे, स्वस्त आहे, त्याचे दुष्परिणाम ठाऊक आहेत. द्या की रुग्णांना! अडलं कुठे हेच इथे सांगायचंय. उत्तर थोडं लांबचं आहे, पण जुनी औषधं एकत्र करून या कॅन्सरवर सोडायची कल्पना का सुचली आणि ती कुठवर आली, हे त्यातूनच समजतं.

आधी शत्रूची ओळख. मोठ्या माणसांच्या मेंदूत सुरू होणाऱ्या कॅन्सरांपैकी सर्वांत आक्रमक आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. तरीही एकूण कॅन्सरांच्या मानाने तो दुर्मीळच. वर्षाला लाखात साधारण तिघांना होतो. ही गाठ मेंदूत गोटीसारखी बसलेली नसते. तिच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूत दूरवर झिरपलेल्या असतात. वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने १९२८ मध्ये एक टोकाचा उपाय नोंदवला होता. ज्यांची डावी बाजू आधीच लुळी पडली होती अशा काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग त्याने काढूनच टाकला. तरीही गाठी परत आल्या. अर्धा मेंदू काढूनही जो आजार मुळासकट निघत नाही, त्याच्यापुढे चाकूची मर्यादा उघड आहे.

आजची प्रमाण उपचारपद्धती कॅन्सरतज्ज्ञ रॉजर स्टुप यांच्या नावाने ओळखली जाते. आधी शस्त्रक्रिया, मग सुमारे सहा आठवडे रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी आणि नंतर काही महिने तीच गोळी ठरावीक चक्रांत. ५७३ रुग्णांवरच्या या चाचणीचे निकाल २००५ मध्ये आले. नुसत्या रेडिएशनच्या गटातले निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले, तर गोळी जोडलेल्या गटात हा आकडा १४.६ महिने होता. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. अडीच महिन्यांची ही भर वाचून बाहेरच्या माणसाला हसावं की रडावं कळत नाही, पण या क्षेत्रात तो मोठा विजय होता. त्यानंतर डोक्याला इलेक्ट्रोड लावून विद्युतक्षेत्र सोडणारं एक उपकरण आलं आणि त्याने आणखी काही महिने मिळवून दिले. मोठा गाजावाजा झालेली कित्येक नवी औषधं मात्र याच काळात एकामागून एक आपटली.

ती का आपटली, याची दोन कारणं समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं होतं.

पहिलं कारण म्हणजे मेंदूचा पहारा. शरीरात इतरत्र रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बारीक फटी असतात. मेंदूत त्या भिंतींच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. शिवाय चुकून आत शिरलेला परका रेणू परत रक्तात फेकून देणारे पंपही त्यांच्यात बसवलेले असतात. बहुतेक औषधं तिथेच अडतात. गाठीच्या मधल्या भागात ही तटबंदी ढासळलेली असते, त्यामुळे तिथे औषध पोचतं. पण कडेला, निरोगी मेंदूत पसरलेल्या पेशी शाबूत तटबंदीच्या आड असतात आणि पुढे गाठ परत येते ती बहुतेकदा त्यांच्यापासूनच.

दुसरं कारण जास्त गहन आहे. ग्लायोब्लास्टोमा म्हणायला एक गाठ, पण तिच्यात अनेक बिऱ्हाडं नांदत असतात. एकाच रुग्णाच्या एकाच गाठीत शेजारशेजारच्या पेशी वाढीसाठी वेगवेगळ्या जनुकांवर विसंबलेल्या सापडतात. तुम्ही एक रस्ता बंद करणारं औषध दिलंत, की त्या रस्त्याने जाणाऱ्या पेशी मरतात आणि दुसरा रस्ता धरलेल्या पेशींना मोकळं रान मिळतं. शिवाय अडवलेल्या पेशीही काही दिवसांत वळसा शोधतात. एका औषधाने एक रस्ता अडवायचा, हा डावच इथे मुळात तोकडा पडतो.

ही अडचण वैद्यकाला नवी नाही. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४०च्या दशकात आलं. रुग्ण उठून बसले, वजन वाढलं, आणि काही महिन्यांत अनेकांचा आजार परतला, कारण औषधाला दाद न देणारे थोडे जंतू आधीपासूनच फुप्फुसात होते आणि आता तेच वाढले होते. उपाय निघाला तो दोन-तीन औषधं एकदम देण्याचा. दहा लाखांत एक जंतू एका औषधातून सुटेल, दुसऱ्यातूनही तेवढेच सुटतील. पण दोन्हींतून सुटणारा जंतू लाख कोटींत एखादाच. एचआयव्हीच्या तीन औषधांच्या उपचारामागे आणि लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या केमोमागे हेच गणित आहे.

आता यात दुसरा धागा मिसळू. एका आजारासाठी आलेलं औषध दुसऱ्यावर लागू पडणं ही वैद्यकातली जुनी गोष्ट आहे. गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारं थॅलिडोमाइड पुढे मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर उपयोगी ठरलं. आर्सेनिक, म्हणजे चक्क सोमलाच्या कुळातलं औषध, ल्युकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारावर इतकं चाललं की अ जीवनसत्त्वाच्या एका रूपासोबत दिल्यावर तो प्रकार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. २०१३ च्या एका चाचणीत या जोडीने उपचार झालेल्यांपैकी ९७ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही आजार न उलटता हयात होते. दोन जुने पदार्थ एकत्र आणून एक जीवघेणा कॅन्सर जवळजवळ काबूत आणल्याचं हे खरंखुरं उदाहरण आहे.

मग हेच ग्लायोब्लास्टोमावर का करू नये? रिचर्ड कास्ट, मार्क-एरिक हालाच हे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेला प्रस्ताव नेमका हाच होता. नाव ‘कस्प-९’. गाठीचे जगण्याचे मार्ग सगळीकडून एकाच वेळी पोखरायचे, त्यासाठी नऊ औषधं वापरायची, आणि त्यांतलं एकही कॅन्सरचं औषध म्हणून बाजारात आलेलं नाही. यादी पुढे दोनदा बदलली. माणसांवर तपासली गेलेली तिसरी आवृत्ती वाचताना एखाद्या औषधाच्या दुकानातलं अर्धं कपाट समोर उघडल्यासारखं वाटतं: उलटी थांबवणारं अॅप्रेपिटंट, संधिवातावरचं सोन्याचं संयुग ऑरानोफिन, वेदनाशामक सेलेकॉक्सिब, रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल, दारू सोडवणारं डायसल्फिरॅम, बुरशीवरचं इट्राकोनाझोल, मुरुमांसाठीही दिलं जाणारं मिनोसायक्लिन, एचआयव्हीवरचं रिटोनाविर आणि नैराश्यावरचं सर्ट्रालिन. या नवांच्या जोडीला टेमोझोलोमाइड रोज, पण छोट्या डोसमध्ये.

वरवर पाहता ही खिचडी वाटेल. प्रत्येक औषधामागे मात्र काहीतरी विचार आहे. अॅप्रेपिटंटचं बघा. आपल्याला मळमळ होते तेव्हा मेंदूत ‘सब्स्टन्स पी’ नावाचा निरोप्या रेणू पेशीवरच्या एका ग्राहकावर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतो, आणि अॅप्रेपिटंट ती जागा अडवतं. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींवरही तोच ग्राहक असतो आणि तोच निरोप त्यांना वाढायला सांगतो. ऑरानोफिनचं तंत्र वेगळं. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यामुळे त्यांच्या आत ऑक्सिजनचे जळजळीत अवशेष सतत साचतात आणि ते विझवायला त्यांना एका एन्झाइमची गरज असते. सोन्याचं हे संयुग ते एन्झाइमच निकामी करतं. मिनोसायक्लिनचा नेम तर कॅन्सरच्या पेशींवर नाहीच. गाठीत शरीराच्या संरक्षक पेशीही मोठ्या संख्येने असतात. गाठीने त्यांना फितवलेलं असतं. त्या लढायचं सोडून तिचीच चाकरी करतात. मिनोसायक्लिनने ही फितुरी मोडावी अशी अपेक्षा आहे.

डायसल्फिरॅमची कहाणी मला सर्वांत ओढ लावते. दारूचं व्यसन सुटावं म्हणून देतात ते हे औषध. ते घेऊन दारू प्यायली की भयंकर मळमळ, धडधड, घाम. अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड लुइसन यांनी १९७७ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाची हकीकत लिहिली. कॅन्सर हाडांत पोचला, बाई दारूच्या आहारी गेल्या, म्हणून कॅन्सरचे इतर उपचार थांबवून डायसल्फिरॅम सुरू केलं. त्यानंतर त्या दहा वर्षं जगल्या आणि गेल्या त्या खिडकीतून पडून. शवविच्छेदनात हाडांतला कॅन्सर जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. औषध काम कसं करतं याचा एक पक्का दुवा २०१७ मध्ये मिळाला. शरीरात त्याचं तांब्याशी एक संयुग बनतं आणि ते पेशीतला नको असलेल्या प्रथिनांचा निचरा तुंबवतं. कचरा साचला की पेशी मरते.

एक रुग्ण, सुंदर गोष्ट, आणि कसं काम करतं तेही कळलेलं. मग स्वीडन आणि नॉर्वेमध्ये ग्लायोब्लास्टोमा उलटलेल्या ८८ रुग्णांवर चाचणी झाली. कुणाला केमोसोबत डायसल्फिरॅम आणि तांबं द्यायचं नि कुणाला नुसती केमो, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०२३ चा निकाल असा की आयुष्य वाढलं नाही, गंभीर दुष्परिणाम मात्र वाढले.

असाच अनुभव इतर औषधांचाही आहे. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट घेणारे रुग्ण जास्त जगतात असं काही जुन्या नोंदींत दिसलं होतं. चार मोठ्या चाचण्यांमधल्या १,८६९ रुग्णांची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा तो फायदा विरून गेला. मलेरियावरच्या क्लोरोक्विनची मेक्सिकोमध्ये ३० रुग्णांवर चाचणी झाली. २००६ मध्ये आकडे आले २४ महिने विरुद्ध ११ महिने. डोळे दिपतील असा फरक, पण इतक्या थोड्या रुग्णांत तो योगायोगानेही दिसू शकतो. पुढे त्याच कुळातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मोठ्या गटावर तपासलं. पेशीतली जी प्रक्रिया थांबवायची होती ती पुरेशी बंद पडेल एवढा डोस रुग्णांना सोसेचना, आणि आयुष्यातही वाढ दिसली नाही. आणि सुरुवातीला आलेलं मेबेंडाझोल? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आजार उलटलेल्या रुग्णांना ते टेमोझोलोमाइड किंवा लोमुस्टिन या केमोसोबत दिलं गेलं. नऊ महिन्यांनी ५५ टक्के रुग्ण हयात असावेत असं लक्ष्य आधीच आखलं होतं. दोन्ही गटांना ते गाठता आलं नाही.

कस्पच्या समर्थकांचं उत्तर इथे ऐकायला हवं, कारण ते पोकळ नाही. ते म्हणतात, एकेकटं औषध हरणारच, आमचं म्हणणंच ते आहे. नऊ दरवाजांच्या वाड्याचा एक दरवाजा बंद करून चोर अडत नाही, म्हणून दरवाजे बंद करून उपयोग नाही असं ठरत नाही. तर्क बरोबर आहे. पण मला एक फरक टोचतो. क्षयाची औषधं, एचआयव्हीची औषधं, ल्युकेमियावरची आर्सेनिकची जोडी, या सगळ्यांत प्रत्येक औषध एकट्यानेही काही काळ आजार स्पष्टपणे मागे हटवत होतं. अडचण फक्त टिकण्याची होती. ग्लायोब्लास्टोमावरच्या नवांपैकी एकाबद्दलही हे छातीठोकपणे म्हणता येत नाही. बलवानांची एकी आणि दुबळ्यांची एकी यांत अंतर असतं. दुबळ्यांच्या एकीतूनही बळ येऊ शकतं, पण ते गृहीत धरता येत नाही, दाखवावं लागतं.

दाखवायचा पहिला प्रयत्न जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या रुग्णालयात झाला. आजार उलटलेले दहा रुग्ण. नऊही औषधं आणि टेमोझोलोमाइड, डोस हळूहळू वाढवत. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य प्रश्न होता, हे माणसाला झेपतं का? हिशेबात धरता आलेल्या नऊही जणांना ते झेपलं, जरी मळमळ, डोकेदुखी, थकवा, जुलाब, तोल जाणं हे सोबत होतंच आणि रिटोनाविर, इट्राकोनाझोल, कॅप्टोप्रिल यांचे डोस वारंवार कमी करावे किंवा थांबवावे लागले. आणि वर्षभरानंतर दहापैकी निम्म्या रुग्णांचा आजार पुढे सरकलेला नव्हता. आजार उलटल्यानंतर हे सहसा दिसत नाही.

या आकड्याने हुरळून जायला होतं. म्हणून तो कसा वाचायचा ते सांगतो. या चाचणीत तुलनेला दुसरा गटच नव्हता. निवडलेले रुग्ण इतक्या गोळ्या गिळू शकतील, वारंवार तपासण्यांना येऊ शकतील इतपत धडधाकट होते, म्हणजे सरासरी रुग्णापेक्षा आधीच बऱ्या स्थितीत. आणि दहा जणांत दोघांचं नशीब बदललं तरी टक्केवारी वीसने हलते. या चाचणीतून ‘पुढे तपासायला हरकत नाही’ एवढाच निष्कर्ष निघतो आणि तिच्या लेखकांनीही यापेक्षा मोठा दावा केला नाही.

अशी फसगत मोठ्या आकड्यांतही होते. लंडनमधल्या एका खासगी क्लिनिकने मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलवरचं अॅटोरव्हास्टॅटिन, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि मेबेंडाझोल ही चौकडी नेहमीच्या उपचारांसोबत घेतलेल्या ९५ रुग्णांचा अहवाल २०१९ मध्ये दिला. निम्मे रुग्ण २७.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. आता हा आकडा स्टुप यांच्या १४.६ शेजारी ठेवायचा मोह होतो. पण क्लिनिकची पायरी चढण्यासाठी रुग्णाला निदानानंतर तोवर जगावं लागतं. जे पहिल्या काही महिन्यांत गेले ते या यादीत येऊच शकत नाहीत, आणि आयुष्य मात्र मोजलं जातं निदानाच्या दिवसापासून. औषधाने काहीच केलं नसतं तरी हा गट दीर्घायुषी दिसला असता.

बेन विल्यम्स यांचं नाव या विषयात निघाल्याशिवाय राहत नाही. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्राचे हे प्राध्यापक. १९९५ मध्ये ग्लायोब्लास्टोमाचं निदान झालं. त्यांनी शोधनिबंध वाचून स्वतःच एक मिश्रण जमवलं: स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन, रक्तदाबावरचं व्हेरापामिल, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, अळिंबीचा अर्क असं बरंच काही. केमो आणि रेडिएशनही घेतलं. गाठ गेली आणि ते पुढे दशकानुदशकं जगले. त्यांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण असंच मिश्रण घेऊन चार महिन्यांत गेलेल्यांचं नाव आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि कुठलंही मिश्रण न घेता दहा वर्षं जगलेले थोडे रुग्णही असतातच.

आता ‘जुनी औषधं, म्हणून सुरक्षित’ या समजाकडे वळू. हा समज धोकादायक आहे. औषध सुरक्षित ठरतं ते एकट्याने, ठरलेल्या डोसमध्ये. यकृतात औषधं मोडणारं एक मोठं एन्झाइम आहे. कस्पच्या यादीतली रिटोनाविर आणि इट्राकोनाझोल त्यालाच जोरदार ब्रेक लावतात. मग त्या एन्झाइमवर अवलंबून असलेली बाकीची औषधं रक्तात साचू लागतात. मेंदूची सूज उतरवायला रुग्ण डेक्सामेथासोन घेत असतो, तेही साचतं. उलट फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर ते त्याच एन्झाइमला चाबूक मारतं आणि इतर औषधं परिणाम दिसायच्या आत साफ होतात. सेलेकॉक्सिब आणि सर्ट्रालिन एकत्र आली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि केमोने प्लेटलेट आधीच खाली आलेले असतात. आगीतून निघून फुफाट्यात पडण्याची ही पूर्ण तयारी आहे. उल्मच्या डॉक्टरांनी हे सगळं रक्ताच्या तपासण्या करत, डोस कमी-जास्त करत सांभाळलं. घरबसल्या गोळ्या मागवणाऱ्याला ते साधत नाही.

मग मोठी चाचणी घेऊन सोक्षमोक्ष का लावत नाहीत? पैशाचं कारण सगळ्यांना माहीत आहे. पेटंट संपलेल्या गोळीवर कुणी कंपनी कोट्यवधी लावत नाही, कारण यश मिळालं तरी गोळी कुणीही बनवून विकू शकतो. हे काम सरकारी निधी, विद्यापीठं आणि देणग्यांवरच चालतं. दुसरं कारण गणिताचं आहे. नऊ औषधांपैकी कुठली द्यायची, कुठली वगळायची याच्या ५१२ शक्यता होतात, आणि त्यात डोस धरलेलेच नाहीत. लाखात तिघांना होणाऱ्या आजारात इतके गट पाडायला रुग्ण आणायचे कुठून? नऊही एकत्र दिली आणि फायदा झाला, तर तो कुणामुळे हे कळत नाही. फायदा झाला नाही, तर दोन कामाची औषधं सात बिनकामाच्या ओझ्याखाली दबली का, हेही कळत नाही.

म्हणून आता काहींनी टोक बदललं आहे. यादी आधी न ठरवता रुग्णाच्या गाठीलाच विचारायचं. झुरिकमधल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ताज्या गाठींवर शंभराहून अधिक औषधं तपासली. कुठल्या औषधाच्या थेंबात कॅन्सरच्या पेशी मेल्या आणि शेजारच्या निरोगी पेशी वाचल्या, हे त्यांनी सूक्ष्मदर्शक आणि संगणकाने मोजलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सर्वांत उठून दिसलं ते व्हॉर्टिओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, आणि उंदरांमध्येही ते चाललं.

नैराश्याचं औषध गाठीवर का चालावं, याला २०१९ च्या एका शोधाची पार्श्वभूमी आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटांनी तेव्हा दाखवलं की ग्लायोमाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा ज्या कुळातला आहे त्या गाठींच्या, पेशी मेंदूतल्या चेतापेशींशी जोडण्या करतात, अगदी एक चेतापेशी दुसरीशी करते तशा, आणि आपल्या विचारांची, हालचालींची जी वीज मेंदूत वाहते तिच्यावर वाढतात. म्हणजे मेंदूवर काम करणारी जुनी औषधं या गाठीच्या थेट खाण्यावर घाला घालू शकतात. शिवाय ही औषधं मेंदूसाठीच बनलेली असल्याने ती तटबंदी ओलांडतात, ही पहिली अडचण इथे आपोआप सुटते. फिट्सवरचं पेराम्पॅनेल याच कारणाने अभ्यासकांच्या नजरेत आहे.

उंदरांतलं यश म्हणजे काय, हे मेबेंडाझोलने एकदा दाखवलेलं आहेच. व्हॉर्टिओक्सेटिनला अजून माणसांच्या चिठ्ठ्या टाकलेल्या गटांतून जायचं आहे. तोवर घरात हा आजार असलेल्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: या रुग्णाला घेऊ शकेल अशी एखादी चाचणी कुठे चालू आहे का, आणि सध्या चालू असलेल्या फिट्सच्या, सुजेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे तिथला प्रवेश अडेल का. आणि आधीपासून काही स्वतःच्या मनाने चालू केलं असेल, मग ते जंतांचं औषध असो की अळिंबीचा अर्क, तर त्याचा डोस आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहून तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवावा.